ग्वेनल्हियन : एका नावाचे चरित्र



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी शेजाऱ्याला विचारले असेल, की हे माणसाचे नाव आहे की औषधाचे? शंका रास्त आहे. ग्वेनल्हियन हे बाईचे नाव आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स म्हणून जो डोंगराळ मुलूख आहे, तिथले. वेल्सच्या बाहेर ते क्वचितच कानावर पडते, आणि वेल्समध्येही घरोघर आढळावे असे ते आज राहिलेले नाही. मग एका परक्या नावापायी आपली संध्याकाळ का खर्ची घालावी? कारण असे की, नाव कशाने जगते आणि कशाने मरणाच्या दारी जाते, हे या एका नावाच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते.

प्रथम उच्चाराचे पाहू. रोमन लिपीतला 'एल' वेल्श भाषेत जोडीने आला म्हणजे त्याचा एक निराळाच वर्ण होतो. जीभ 'ल' म्हणण्यासाठी टेकवावी, आणि कंठातून आवाज न काढता जिभेच्या कडेने नुसता श्वास सोडावा. इंग्रजांची जीभ या वर्णापाशी शतकानुशतके अडखळत आली आहे. आपण त्या मानाने भाग्यवान आहोत. जो 'कोल्हापूर' म्हणतो, तो निम्मी वाट आधीच चालून आलेला असतो. आपला 'ल्ह' हा तंतोतंत तो वर्ण नव्हे, पण जवळचा शेजारी खास. म्हणून मी 'ग्वेनल्हियन' असे लिहितो. आघात मधल्या 'ल्हि'वर द्यायचा.

आता अर्थ. 'ग्विन' म्हणजे पांढरा, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'ग्वेन'. पण हा पांढरेपणा नुसत्या रंगाचा नाही. गोरी, सुंदर, पुण्यवान, अशा छटा त्यात मिसळल्या आहेत. संस्कृतातल्या 'शुभ्र' आणि 'शुभ' या शब्दांचे जसे सख्खे नाते, तसेच हे. नावाच्या उत्तरार्धाबद्दल मात्र एकमत नाही. कोणी त्याचा संबंध जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या तलम कापडाच्या नावाशी लावतात. मग अर्थ होतो शुभ्रवस्त्रा. कोणी 'प्रवाह' या अर्थाच्या शब्दाशी लावतात; मग ती होते शुभ्र प्रवाहिनी. पंडितांचा हा वाद आपण पंडितांवर सोपवू. आईबाप काही कोश उघडून नाव ठेवीत नाहीत. आजीचे होते म्हणून ठेवतात.

आणि अशा आज्या वेल्सच्या इतिहासात पुष्कळ होऊन गेल्या. त्यांतल्या दोघींची ओळख करून देतो.

पहिली बाराव्या शतकातली. उत्तरेच्या ग्विनेद राज्याच्या राजाची ही मुलगी. दक्षिणेच्या राजघराण्यात दिलेली. बापाचे नाव ग्रिफिद आणि नवऱ्याचेही ग्रिफिद, तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी मी त्यांना बाप आणि नवराच म्हणेन. वेल्समध्ये तेव्हा आडनावे नव्हती. मुलगा 'आप' अमुक, म्हणजे अमुकाचा मुलगा, आणि मुलगी 'वेर्ख' अमुक, म्हणजे अमुकाची मुलगी. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले, की मुलीचे जुने नाव माहेरीच राहते. वेल्श बाई मात्र लग्नानंतरही बापाची मुलगी म्हणूनच ओळखली जाई.

११३६ साली नॉर्मन सरदारांविरुद्ध दक्षिण वेल्स पेटले. नवरा सासऱ्याची मदत मागायला उत्तरेत गेला होता, आणि इकडे शत्रू चालून येत होता. तेव्हा ग्वेनल्हियनने सैन्य गोळा केले आणि ती स्वतः किडवेलीच्या किल्ल्याजवळ लढाईला उभी राहिली. लढाई ती हरली. एक मुलगा रणात पडला, दुसरा कैद झाला, आणि ती स्वतः मारली गेली. ११८८ साली वेल्सभर फिरलेल्या गेराल्ड नावाच्या धर्मोपदेशकाने तिची तुलना ग्रीक पुराणांतल्या लढवय्या राणीशी केली आहे. किडवेलीजवळच्या त्या जागेला आजही 'ग्वेनल्हियनचे माळ' या अर्थाचे नाव आहे. तिचा धाकटा मुलगा ऱ्हिस पुढे दक्षिणेचा बलाढ्य राजा झाला. त्याने आपल्या मुलीचे नाव काय ठेवले असेल, ते आपण ओळखलेच असेल. ही दुसरी ग्वेनल्हियन उत्तरेच्या कारभाऱ्याला दिली, आणि त्यांच्याच वंशातून पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेले ट्यूडर घराणे आले. राजवाड्यात होते तसेच हे नाव शेतकऱ्याच्या घरातही होते. मध्ययुगीन वेल्समध्ये बायकांच्या फार प्रचलित नावांत त्याची गणना होती.

आता दुसरीची कथा. ती ऐकताना माझे मन नेहमी अस्वस्थ होते, कारण ही नायिका काहीच करीत नाही. तिला काही करूच दिले गेले नाही.

वेल्सचा अखेरचा स्वतंत्र राजपुत्र ल्हवेलिन. त्याची पत्नी एलेनॉर ही इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची सख्खी आतेबहीण. १२८२ च्या जूनमध्ये तिला मुलगी झाली आणि बाळंतपणातच ती वारली. मुलीचे नाव ग्वेनल्हियन. त्याच वर्षी ११ डिसेंबरला ल्हवेलिन एडवर्डच्या सैन्याकडून मारला गेला. पुढच्या वर्षी चुलता दाविद पकडला जाऊन त्याला हालहाल करून देहान्त शासन झाले. त्याच्या मुलग्यांना ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडले. उरली पाळण्यातली पोर. आपल्या नात्याच्या भाषेत ती राजा एडवर्डची भाचीच. पण भाची असली तरी ती वेल्सच्या गादीची वारस होती. उद्या तिचे लग्न होईल, मुलगे होतील, ते राज्य मागतील. तेव्हा राजाने तिला इंग्लंडच्या पूर्व भागात, लिंकनशायरमधल्या सेंप्रिंगम येथील मठात पाठवून दिले. जोगिणीला लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणजे वारस नाही. तलवार न उपसता एक वंश संपवण्याची ही युक्ती होती.

ती तिथून बाहेर आली नाही. १३२७ साली तिसऱ्या एडवर्डने तिला वर्षाला वीस पौंडांची नेमणूक करून दिली. ७ जून १३३७ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होता होता, ती मठातच वारली. कागदोपत्री तिचे नाव 'वेन्सिलियन', 'वेंत्लियान' असे कसेबसे लिहिलेले सापडते. श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. मूल आपल्या आईबापांची भाषा ज्या वयात ओठांवर घेते, त्या वयात ही मुलगी परक्या भाषेच्या माणसांत नेली गेली. आपले स्वतःचे नाव जसे म्हणायला हवे तसे म्हणणारे कोणी तिला त्या चोपन्न वर्षांत भेटले असेल का? राज्य गेले, आईबाप गेले, हे तर झालेच. पण आपल्या नावाचा खरा आवाजही कानावर पडू नये, हे दारिद्र्य निराळेच आहे.

आपणांस वाटेल की नाव इथे संपले. तसे झाले नाही. एका ग्वेनल्हियनला मठात टाकता येते. पण गावोगावच्या आज्यांना कोणता राजा मठात टाकणार? वेल्समध्ये मुलींचे बारसे या नावाने होतच राहिले.

त्याला खरी ओहोटी लागली ती पुढे, आणि ती लढाईने नव्हे. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडले गेले, आणि कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी झाली. आप ऱ्हिसचा 'प्राइस' झाला, आप हवेलचा 'पॉवेल' झाला, आणि बायकांचे ते 'वेर्ख' दिसेनासे झाले. चर्चच्या नोंदवह्यांत मुली मार्गारेट, कॅथरिन आणि एलिझाबेथ होऊ लागल्या. १८४७ साली तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी सरकारला अहवाल दिला, की या लोकांच्या मागासलेपणाचे एक मूळ त्यांच्या भाषेत आहे. कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवीत. अशा दिवसांत शहाण्या बापाने मुलीचे नाव सोपे, साहेबाला म्हणता येईल असे ठेवले, तर त्याला दोष कसा द्यावा? पण राजाच्या सैन्याला जे जमले नाही, ते या लाजेने जवळजवळ करून दाखवले. नाव शत्रूमुळे सहसा मरत नाही. आपल्याच माणसांना ते उच्चारण्याचा संकोच वाटू लागला, की ते मरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. लोकांनी जुनी नावे पुन्हा शोधून काढली, त्यांत हेही आले. आणि व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. १९६२ च्या फेब्रुवारीत साँडर्स लुइस या लेखकाने रेडिओवर वेल्श भाषेच्या भवितव्यावर एक भाषण केले. त्यातून त्याच वर्षी भाषेसाठी झगडणारी संस्था उभी राहिली, आणि पुढच्या चळवळीतून एकामागून एक कायदे झाले. २०११ साली वेल्श ही वेल्समध्ये अधिकृत भाषा ठरली. लढा संपलेला नाही. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे शेकडा १७.८ इतकेच भरले. आज आपल्या मुलीला ग्वेनल्हियन म्हणणारे आईबाप थोडेच आहेत. पण जे म्हणतात, ते जाणूनबुजून म्हणतात.

१९९३ साली सेंप्रिंगमला त्या राजकन्येचा स्मृतिशिला बसवला गेला. उत्तर वेल्सच्या डोंगररांगेत ल्हवेलिनचे शिखर आहे, दाविदचे आहे, आणि एक शिखर एलेनॉरच्या नावाचे असे लोक मानतात. मुलीचे मात्र नव्हते. २००९ साली त्याच रांगेतल्या ९२६ मीटर उंचीच्या एका शिखराला 'कार्नेद ग्वेनल्हियन' हे नाव देण्यात आले, आणि सरकारी नकाशावरही ते छापले गेले. सातशे सत्तावीस वर्षांनी ती पोर आईबापांजवळ आली. आता त्या डोंगरात शिरणाऱ्या प्रत्येकाला, इंग्रज असला तरी, वाट विचारताना तिचे नाव घ्यावे लागते.

माझे सांगणे एवढेच. आज घरी गेल्यावर आपल्या पणजीचे नाव काय होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. आणि समजले तर एकदा मोठ्याने म्हणा. जुने वाटेल, कदाचित हसूही येईल. पण ते कोणीतरी म्हटल्यावाचून राहू नये.