रुळांची नाडी
(रेल्वेमार्गालगतच्या गावातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रेल्वेच्या देखभालीविषयी चार शब्द बोलावेत अशी आपली आज्ञा झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम यंत्रे आली नाहीत. खांद्यावर हातोडी टाकून रुळांच्या कडेने चालणारा कीमन आला. गाडी स्थानकात थांबली की चाकांवर ठोके देत जाणारा कामगारही आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. आवाज खणखणीत आला तर चाक निर्दोष, बद्द आला तर कोठेतरी तडा. बाजारात मडके घेताना आपण दुसरे काय करतो? आसाच्या टोकाची पेटी तापली आहे की काय, हेही हात लावून पाहिले जाई. चालू गाडीची आणि रुळांची प्रकृती सतत तपासून तिच्या नोंदींवरून देखभाल ठरवावयाची, हा विचार मुळात नवा नाही. मात्र पूर्वी हे ज्ञान त्या कामगाराच्या कानात व तळहातात राही आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाई.

आज हे काम पुष्कळ अंशी उपकरणे करतात. श्रवणातीत ध्वनिलहरी रुळात सोडल्या असता आत भेग असल्यास त्या तेथूनच परतून येतात, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटातील दोष कळतो. ब्रेक आवळला जाऊन चाक न फिरता घसरत गेले, तर त्याचा तेवढा भाग चपटा होतो व पुढे प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणासारखा आघात करतो. रुळाला जोडलेली उपकरणे हा आघात मोजतात आणि कोणत्या डब्याचे कोणते चाक तो करीत आहे हे सांगतात. बेअरिंगचा बदललेला आवाज व वाढलेली उष्णता यांचीही धावत्या गाडीवरच नोंद होते. मापनगाडी मार्गावरून जाताना दोन रुळांतील १६७६ मिलिमीटरचे अंतर, त्यांची समपातळी आणि पीळ टिपीत जाते.

शिक्षक बंधूंना एक गोष्ट सहज पटेल. मुलाचे आजचे वजन किती, यापेक्षा गेल्या सहा महिन्यांत ते वाढले की घटले, हे अधिक महत्त्वाचे असते. रुळांचेही तसेच आहे. समजा, एका ठिकाणी पातळीत ६ मिलिमीटरचा फरक आढळला. मागील तिन्ही वेळी तो तेवढाच असेल तर घाई नाही. गेल्या वेळी तो २ असेल, तर ती जागा खचत आहे. पुष्कळदा असे दिसते की, खडी ठोकून पातळी साधली तरी काही आठवड्यांत तीच जागा पुन्हा खाली जाते. मग दोष खडीत नसतो. शेजारचे गटार बुजलेले असते, पाणी भरावात मुरते आणि गाडीच्या भाराने खालचा चिखल खडीत चढतो. तेथे दहा वेळा खडी ठोकण्यापेक्षा एकदा गटार उपसणे स्वस्त पडते. जुन्या नोंदी शेजारी ठेवल्याखेरीज हे उमगत नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचा खरा लाभ येथे आहे.

पण नोंद झाली म्हणजे काम झाले, असे मानणे फार घातक आहे. इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणारी प्रवासी गाडी वळणावर घसरली. चार प्रवासी मृत्युमुखी पडले व ७० हून अधिक जखमी झाले. चाकांच्या सततच्या घर्षणाने रुळाच्या माथ्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. गाडीखाली त्या रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले. मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की, हा दोष आधीच ठाऊक होता. बदलावयाचे नवे रूळसुद्धा मार्गाच्या कडेला आणून टाकलेले होते, परंतु ते बसविले गेले नाहीत. अपघातानंतर अशा भेगा आणखी कोठे आहेत याची खात्री देता येईना, म्हणून देशभर बाराशेहून अधिक ठिकाणी गतिमर्यादा घालाव्या लागल्या.

आपल्या बाजूला, कोकण रेल्वेवर, संकट निराळे आहे. येथे डोंगर हलतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ व पुढील वर्षी १६ जूनला करंजाडी येथे दरडींमुळे भीषण अपघात झाले. पहिल्यात पन्नासाहून अधिक जीव गेले. म्हणून या मार्गावर रुळांबरोबर पावसाचीही नाडी पाहावी लागते. मडगाव, कारवार, रत्नागिरी आदी स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. मांडवी व जुवारी या नद्यांवरील पुलांवर वायुवेगमापक आहेत. सावित्री, वाशिष्ठी यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. अतिवृष्टीत समोरचे दिसेनासे झाले की चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, असा दंडक आहे. इतके असूनही पावसाळ्यात रात्रंदिवस पायी गस्त चालतेच, आणि ती चालावी असेच मला वाटते. कडेचे झाड काल सरळ होते व आज कलले आहे, हे अजून माणसालाच नीट दिसते.

यंत्राने धोक्याची सूचना दिल्यावर गाडी थांबते, लोक खोळंबतात आणि तपासणीत कधी काहीच निघत नाही. असे चार वेळा झाले की पाचव्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्याचा मोह पडतो. म्हणून प्रत्येक सूचनेपुढे ती कोणी पाहिली, काय आढळले व काय केले, हे लिहिलेच पाहिजे. खोट्या ठरलेल्या सूचनांवरूनच यंत्राची मर्यादा कोठे ठेवावी हे ठरविता येते.

ग्रामस्थांना दोन विनंत्या आहेत. रुळालगतच्या गटारांत केरकचरा टाकू नये आणि कटिंगच्या वरच्या अंगाची माती काढू नये. डोंगराला नवी भेग दिसली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ येऊ लागले, तर जवळच्या स्थानकावर त्वरित कळवावे. कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, तेवढे सांगितले तरी पुरे. आणि दुरुस्तीसाठी दोन तास वाहतूक बंद ठेवली म्हणून गाडी उशिरा आली, तर त्या दिवशी स्थानक अधीक्षकांवर फार रागावू नये.

आता कोणाच्या काही शंका असतील तर त्या अवश्य विचाराव्यात.