जरीपटक्याची मीटिंग : दारू सोडताना जायचं कुठे?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "ते मीटिंग मीटिंग म्हणता, पण ती सापडते कुठे?" तर आज तेवढंच बोलतो. माझ्या मोठ्या भावाला विचारून बोलतोय. तो म्हणाला, "सांग, फक्त माझं नाव घेऊ नको." म्हणून मी दादाच म्हणेन.

आधी एक गोष्ट, कारण ती जीवावरची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून बंद" म्हणून घरच्या घरी एकदम थांबवू नये. हात थरथरतात, झटके येऊ शकतात, नसलेलं दिसायला लागतं. यात माणूस जातो सुद्धा. आधी डॉक्टर. दादा आठ दिवस दवाखान्यात होता. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "शरीरातली दारू उतरली. आता संध्याकाळी सात वाजता हे काय करणार, ते बघा."

प्रश्न तोच होता. सात वाजता काय करणार? दादा काही वर्षं नोकरीसाठी गडचिरोलीत होता. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्याला तिथेही मिळायचीच. म्हणजे दुकान बंद असणं एवढ्याने त्याचं भागणार नव्हतं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. यांच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगा दिलेल्या असतात. मी फोन लावला. पलीकडून विचारलं, "आपके लिए है या किसी और के लिए?" मी म्हटलं, भावासाठी. "तो फिर उनको फोन दीजिए ना." बस. ना उपदेश, ना चौकशी. तो बोलणारा स्वतः कधीकाळी पिणारा होता, हे नंतर कळलं. ए.ए.ची सुरुवातच अशी झाली आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथला एक सर्जन, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत बसले.

जवळची मीटिंग निघाली जरीपटक्यात, एका शाळेच्या खोलीत. आता आम्ही इंदोऱ्याचे. दादा म्हणे, "तिथे अख्खा बाजार मला ओळखते, मी नाही येत." फोनवरच्या माणसाने हसून सांगितलं, "जो आपको वहाँ दिखेगा, वो भी उसी काम से आया होगा." लाज फारच वाटत असेल तर लांबची मीटिंग धरा, काही बिघडत नाही. पण लांबची मीटिंग पावसात चुकते, हे माझं मत.

जरीपटका म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती, नाव मात्र मराठ्यांच्या निशाणाचं. त्यामुळे खोलीत हिंदी, मराठी, मधूनच सिंधी. ओपन मीटिंग होती म्हणून मलाही बसता आलं. क्लोज्ड असेल तर ज्याला दारू सोडायची आहे त्यानेच बसायचं. फी नाही, नोंदणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात सभासद आपापल्या इच्छेने पैसे टाकतात. एक बोलतो तेव्हा बाकीचे मधे तोंड घालत नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही हे जमत नाही! कोण काय बोललं ते सांगणार नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असतं.

दादा अडला देवावर. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातही तेच. म्हणजे दादाला लाज दुप्पट, आणि वर इथे ईश्वराचं नाव. चहाच्या वेळी तो सरळ म्हणाला, "मी देव मानत नाही, मग मी जाऊ का?" त्याला सांगितलं की पायऱ्यांमध्ये 'आपल्याला जसा समजला तसा' असे शब्द आहेत, आणि यायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. खोलीतली माणसं हीच आपल्यापेक्षा मोठी शक्ती, असं धरून चालणारे बरेच आहेत. दादाने तेच धरलं. प्रार्थनेच्या वेळी तो गप्प उभा राहतो. कोणी काही म्हणत नाही.

आता वहिनी. घरी आल्यावर ती म्हणाली, "यांच्यासाठी खुर्ची आहे, चहा आहे. माझ्यासाठी काय आहे?" बारा वर्षं तिने गव्हाच्या कोठीत पैसे लपवले, दादाच्या साहेबाला "ताप आहे" म्हणून फोन केले, दार उघडताना आधी वास घेतला. दादा थांबला, तिची वास घ्यायची सवय थांबली नाही. तिच्यासारख्यांसाठी अल-अॅनॉन आहे. १९५१ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या दलालाची बायको लॉइस हिने एका मैत्रिणीसोबत ते सुरू केलं. वहिनी आता जाते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन ऑटो बदलून. तिथे काय होतं ते मी विचारत नाही. पण मागच्या महिन्यात दादा उशिरा आला आणि ती झोपलेली होती. दादा दारात उभा राहून मला फोन करतो, "अरे, ही झोपली आहे!" त्याला रागावावं की आनंद व्हावा, ते कळेना.

नंबर लिहून घ्या: १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. रात्री मन फारच खचलं तर टेलि-मानस, १४४१६. मीटिंगची वेळ मात्र निघण्याआधी फोन करून विचारा, जागा बदलतात.

चला, आज दादाचा वार आहे, आणि गाडी मला चालवायची आहे.