“मूळव्याधच असेल!”



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, अर्थसंकल्प झाला, कपाशीचे भाव झाले. आज मी शौचावाटे पडणाऱ्या रक्ताविषयी बोलणार आहे. विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेत थोडा हशा पिकला, तो मी ऐकला. मला राग नाही. पण या हशाने आणि त्यामागच्या लाजेने कित्येकांचे साधे दुखणे मोठे केले आहे, एवढेच सांगायला मी उभा आहे.

मी डॉक्टर नव्हे. जिनिंगच्या कामगारांत आणि हमालांत आयुष्य गेले. त्यांच्याबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या संघटनेत एक हमाल होता. कापसाची गाठ लीलया हलवणारा गडी. त्याला शौचाला रक्त पडू लागले. “मूळव्याधच असेल, उष्णता झाली,” असे त्यानेच ठरवले. बाजारच्या दिवशी ‘खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावून बसणाऱ्याकडून पुड्या घेतल्या. दीड वर्ष बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. अंग उतरले, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, एक गोष्ट सांगाची हाय, पन हासू नका.” डॉक्टरांनी बोटाने तपासले आणि दोन मिनिटांत आतली गाठ हाताला लागली. ती मूळव्याध नव्हती, कर्करोग होता. आम्ही त्याला मुंबईला टाटा रुग्णालयात नेले. हे रुग्णालय १९४१ पासून याच रोगाशी झुंजत आले आहे. पण तोवर रोग पुष्कळ पसरला होता. गडी वाचला नाही.

आता घाबरून जाऊ नका. असे रक्त दिसलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. कारणे साधी असतात. मल कडक झाला, कुंथावे लागले, की गुदद्वाराच्या कडेला चीर पडते. शौचाच्या वेळी कापल्यासारखे दुखते, आग होते आणि लाल रक्ताचा ओरखडा दिसतो. मूळव्याध म्हणजे तिथल्याच रक्तवाहिन्यांच्या फुगलेल्या गाद्या. आतली मूळव्याध बहुधा दुखत नाही. शौचानंतर ताजे, लालभडक रक्त थेंबथेंब गळते. हा रोग काही नवा नाही. सुश्रुताने अर्श म्हणून त्याची गणना आठ महारोगांत केली होती.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की कर्करोगाचे रक्तही लालच असते आणि सुरुवातीला तोही दुखत नाही. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. रंगावरून घरबसल्या निवाडा करता येत नाही. म्हणून असे रक्त पुन्हा पुन्हा दिसले, की एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, मग वय कितीही असो. तरुणांनाही हा रोग होतो.

काही खुणा मात्र पाठच करा. शौचाची सवय बदलली, म्हणजे कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि हे काही आठवडे चालले; रक्त मलात मिसळून किंवा आवेसह येऊ लागले; कारण नसताना वजन घटले; थकवा, फिकटपणा आला; चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसले; घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला आहे; तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि रक्त थांबेना, गाठी पडू लागल्या, चक्कर आली, पोटात जबर दुखले, किंवा डांबरासारखा काळा, चिकट मल झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, मग रात्र असली तरी. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो आणि बीट खाल्ल्यावर लाल दिसतो, हेही ध्यानात ठेवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणीची धास्ती वाटते. पण बोटाची तपासणी एक-दोन मिनिटांची असते. गरज पडली तर दुर्बिणीने आतडे पाहतात. कर्करोग पुष्कळदा लहान अंकुरातून वर्षानुवर्षे वाढतो, आणि असा अंकुर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. बहिणींना मी वेगळे सांगतो: बाळंतपणात मूळव्याध होते, आणि तुम्ही ती घरातल्या कोणालाही सांगत नाही. स्त्री-डॉक्टर मागा, सोबत बाई मागा. तो तुमचा हक्क आहे.

साध्या दुखण्यावर उपायही साधे आहेत. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळी, भरपूर पाणी. वेग आला की जावे, कुंथू नये, आणि मोबाइल घेऊन संडासात बैठक मारू नये. ठेच्याने मूळव्याध होत नाही, पण चीर पडली असेल तर आग वाढते.

वेग आला की जावे, असे म्हणालो. पण जायचे कुठे? १९४८ च्या कारखाना कायद्यात १८ वे कलम पिण्याच्या पाण्याचे आणि १९ वे संडास-मुतारीचे घातले गेले. तरी एका जिनात बायांना पाळी संपेपर्यंत वेग दाबून धरावा लागे, पाणीही त्या त्यासाठीच कमी पीत. त्या संडासासाठी आम्ही फाटकापुढे बसलो, घोषणा दिल्या. तेव्हा कोणाला लाज वाटली नाही. मग तोच शब्द डॉक्टरांपुढे उच्चारताना का वाटावी? मीही दोषी आहे. पगाराचा हिशेब त्या हमालाला दर महिन्याला विचारला, प्रकृती एकदाही विचारली नाही.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. वडिलांना, आईला, शेजाऱ्याला विचारा. आणि कोणी तुम्हाला सांगू लागला, तर हसू नका.