एर्नेस्तो नाथान : रोमचे महापौर

(शब्बाथ संपल्यानंतर प्रार्थनालयाच्या सभागृहात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरविले आहे.)



गेल्या महिन्यात आपल्या मंडळीतील एका तरुणाने मला विचारले, "काका, मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहू का? मला येथे येऊन दहाच वर्षे झाली. माझ्या हिब्रूला मराठी वळण आहे, लोक हसतील." मी त्याला त्या वेळी उत्तर दिले नाही. आज देतो, परंतु जरा आडमार्गाने, म्हणजे रोममार्गे.

रोममधील आपल्या धर्मबांधवांना पोप चौथे पॉल यांनी १५५५ साली टायबर नदीकाठच्या सखल, पूर येणाऱ्या वस्तीत कोंडले. ती भिंत १८४८ साली पडली, परंतु पूर्ण नागरी हक्क मिळण्यास २० सप्टेंबर १८७० उजाडावा लागला. त्या दिवशी इटलीच्या सैन्याने पोर्ता पिआ या वेशीजवळ तट फोडला आणि पोपची राजसत्ता संपली. त्यानंतर अवघ्या सदतीस वर्षांनी, नोव्हेंबर १९०७ मध्ये, त्याच शहराच्या महापौरपदी एक यहुदी निवडला गेला. तोही लंडनमध्ये जन्मलेला.

एर्नेस्तो नाथान यांचा जन्म १८४५ चा. त्यांच्या आई सारा या पेसारो गावच्या लेवी घराण्यातल्या. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे जुझेप्पे मात्सिनी लंडनमध्ये निर्वासित होते, तेव्हा नाथान कुटुंबाचे घर त्यांना आपलेच वाटे. वडिलांच्या निधनानंतर कुटुंब इटलीत आले. १८७२ साली मात्सिनींनी पिसा येथे देह ठेवला, तोही एर्नेस्तोंच्या बहिणीच्या घरी. साराबाईंनी पुढे रोमच्या गरीब वस्तीत मुलींची शाळा काढली. मुलाला महापौर करण्याची तयारी मला तरी तेथेच दिसते.

इटलीचे नागरिकत्व नाथान यांना १८८८ साली मिळाले, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या इटालियनमधील इंग्रजी हेल अखेरपर्यंत गेला नाही आणि विरोधक त्यांना 'इंग्रज' म्हणून हिणवीत. (आमच्या तरुण मित्राने हे वाक्य लक्षपूर्वक ऐकावे.) महापौर झाले तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी, रॅडिकल आणि समाजवादी अशा चार तोंडांच्या आघाडीने त्यांना निवडून आणले होते.

आता कामाकडे येतो. रोम राजधानी झाल्यावर लोकवस्ती दुपटीहून अधिक वाढली. जमिनीचे भाव चढत होते, आणि त्या जमिनींचे मालक थोडेच होते. ट्राम आणि वीज खाजगी कंपन्यांच्या हाती होती. १९०३ च्या कायद्याने नगरपालिकांना असे उद्योग स्वतः चालविण्याची मुभा दिली होती. नाथान यांनी अर्थशास्त्रज्ञ जोव्हान्नी मोंतेमार्तिनी यांना सहकारी म्हणून घेतले आणि १९०९ साली हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला. कौल अनुकूल मिळाला. त्यांनी जुन्या कंपन्या बळकावल्या नाहीत. त्यांच्या शेजारी नगरपालिकेची ट्राम उभी केली, नगरपालिकेचे वीजकेंद्र बांधले आणि मग स्पर्धा होऊ दिली. माझे वडील मुंबईच्या ट्रामवर कंडक्टर होते. तेथील ट्राम आणि वीज महापालिकेच्या ताब्यात १९४७ साली आली. म्हणून हा भाग वाचताना मला विशेष आनंद झाला, हे कबूल करतो.

त्याच वर्षी अभियंता सांजुस्त यांचा नगररचना आराखडा मंजूर झाला. कोठे उंच इमारती, कोठे छोटे बंगले आणि कोठे बागा राखायच्या, हे त्यात ठरविले होते. पुढे तो पुष्कळसा मोडला गेला. जमीनमालक गप्प बसणारे नव्हते.

खर्चाच्या बाबतीत नाथान फार काटेकोर. एक गोष्ट रोमकर अजून सांगतात. दप्तरखान्यातील उंदीर मारणाऱ्या मांजरांसाठी आतडी विकत घेण्याची रक्कम अंदाजपत्रकात असे. नाथान यांनी ती खोडली. उंदीर असतील तर मांजरांनी तेच खावेत, आणि नसतील तर मांजरे कशाला, असा त्यांचा हिशेब. 'मांजरांना आतडी नाहीत' ही म्हण रोममध्ये पैसे नाहीत या अर्थाने आजही चालते.

येथवर सारे कौतुक झाले. आता जे मला खटकते ते सांगतो. २० सप्टेंबर १९१० रोजी पोर्ता पिआपाशी भाषण करताना नाथान यांनी पोपच्या अचूकतेच्या सिद्धान्तावर कडक टीका केली. पोप दहावे पायस यांनी जाहीर पत्राने निषेध केला, आणि निषेधसभांचे लोण अमेरिकेपर्यंत पोहोचले. पोपच्या राजसत्तेविरुद्ध बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या भिंतीआड राहिले त्यांच्या वतीनेही. परंतु महापौराच्या आसनावरून दुसऱ्याच्या श्रद्धेच्या तत्त्वात शिरणे मला योग्य वाटत नाही. ज्या कॅथलिक बाईच्या गल्लीत दिवा लावायचा, तिचाही तो महापौर. माझे काही मित्र मला येथे भित्रा म्हणतात. म्हणोत. नाथान स्वतः विधी पाळणारे नव्हते, फ्रीमेसन मंडळाचे ते प्रमुख होते. तरीही त्या भाषणाचा राग काढताना अनेकांनी त्यांचे यहुदीपणच पुढे केले. आपल्यातला एक जण उभा राहतो तेव्हा तो एकटा उभा राहत नाही, हे त्याने अर्ज भरण्यापूर्वीच समजून घ्यावे. आपले डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, तेव्हा त्यांनाही याची जाण असणारच.

जुलै १९१३ मध्ये मोंतेमार्तिनी सभागृहातच कोसळून वारले. डिसेंबरमध्ये नाथान यांची कारकीर्द संपली, आणि पुढील वर्षी विरोधी गट सत्तेवर आला. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना नाथान स्वखुशीने महायुद्धात सैन्यात गेले. १९२१ साली ते वारले. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच जुन्या वस्तीतून आणि शहराच्या इतर भागांतून हजाराहून अधिक यहुदी पकडून ऑशविट्झला नेले गेले. ते पाहण्यास नाथान उरले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मी नातवासह रोमला गेलो होतो. नगरपालिकेचे ते वीजकेंद्र आज मोंतेमार्तिनींच्या नावाचे संग्रहालय आहे. प्रचंड काळ्या यंत्रांपुढे पांढरे संगमरवरी पुतळे उभे आहेत. नातू पुतळे पाहत राहिला आणि मी यंत्रे.

आमच्या तरुण मित्राला माझे उत्तर इतकेच : अर्ज भर. सूचक म्हणून सही मी करीन.