शेवटची फाशी कुणाची?



ज्या इंग्लंडमध्ये आपण आपले संसार थाटले, त्या देशात चेटकीण ठरवून शेवटची फाशी कुणाला दिली गेली, याचे निर्विवाद उत्तर आजही मिळत नाही.

डेव्हन परगण्यातील बिडफर्डच्या टेम्परन्स लॉइड, सुझॅना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स या तीन निर्धन स्त्रियांना ऑगस्ट १६८२ मध्ये एक्झिटरजवळील हेविट्री येथे फाशी देण्यात आले, एवढे निश्चित. पुढे १६८५ साली ॲलिस मोलंड नामक स्त्रीस एक्झिटरच्या न्यायालयाने हीच शिक्षा ठोठावल्याची नोंद आढळते. शिक्षा अमलात आली किंवा कसे, याविषयी ती नोंद मौन पाळते. तरीही एक्झिटरच्या किल्ल्यावरील स्मृतिफलकावर त्या तिघींसोबत तिचेही नाव आहे. इतिहासकार मार्क स्टॉयल यांनी अलीकडे असे मत मांडले की, ती ॲलिस नसून ॲव्हिस मोलंड असावी. आणि ही ॲव्हिस तर १६९३ पर्यंत हयात होती! नाव उतरवताना झालेल्या चुकीने एका गरीब बाईला कागदावर फासावर चढविले असावे. श्रीमंतांच्या बाबतीत असा घोळ क्वचितच होतो. १७१६ साली हंटिंग्डन येथे मेरी हिक्स व तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला फाशी दिल्याचे एक चोपडे सांगते, परंतु अभ्यासक ती कथा बनावट मानतात.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले असल्याने बिडफर्डच्या खटल्यातील एक साक्ष आम्हांस अधिक बोचते. डॉर्कस कोलमन ही स्त्री अंगात टोचल्यासारख्या वेदनांनी त्रस्त होती. बेअर नामक डॉक्टरांनी तिला तपासले आणि हे दुखणे आपल्या विद्येच्या पलीकडचे आहे, हिच्यावर चेटूक झाले आहे, असा निर्वाळा दिला. पहिले विधान प्रामाणिक होते. डॉक्टर तेथेच थांबले असते, तर आम्ही त्यांना दोष दिला नसता. निदान होत नाही असे रुग्णाला सांगण्याचा संकोच आम्हांलाही ठाऊक आहे. त्यांनी मात्र आपल्या अज्ञानाला चेटूक हे नाव दिले, आणि ते शब्द सुझॅना एडवर्ड्सविरुद्धच्या पुराव्यात गेले.

१७३५ च्या कायद्याने चेटकीण असणे हा गुन्हा उरला नाही. जादूशक्तीचा खोटा दावा करणे हा गुन्हा ठरला.

एक्झिटरला जाणे झाल्यास मुलांना तो फलक अवश्य दाखवावा. स्टॉयल यांचे म्हणणे मान्य झाले, तर त्यावरील चौथे नाव पुसावे लागेल. आम्हांला त्याचा आनंदच होईल.

जयभीम.