पाण्यातला लंगोट

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने सोसायटीच्या सभागृहात भरवलेल्या तरुण पालकांच्या मेळाव्यातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडंफार नीट करून दिलं आहे.)

 बाबांनो, तुम्ही पुढे या बरं. खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि रविवारी बाळाला तलावावर घेऊन जाता ते तुम्हीच.

रौप्यमहोत्सवात बोलायचं म्हणजे पहिली कमिटी कोण होती, पाण्याची टाकी कशी बांधली, लिफ्ट कधी आली, हे सांगायचं असतं. ते सगळं आपल्या जुन्या सभासदांनी मागच्या कार्यक्रमात सांगितलं. मला मंडळाने विषय दिला स्विम डायपरचा. आमच्या घरी सगळे हसले. मी महापालिकेच्या रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. शी-शूचा विषय मला हसण्यासारखा कधी वाटला नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा तान्ह्या बाळाला पोहायला न्यायचं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तलाव म्हणजे अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, फार तर दादरचा महात्मा गांधी तलाव. मुलं शाळेत जायला लागली की मे महिन्यात बॅच लावायची. जुहू तारा रोडवरच्या हॉटेलांचे निळे तलाव आपण हिंदी सिनेमातच जास्त पाहिले. आता आजूबाजूच्या टॉवरमध्ये पोडियमवर तलाव आहेत, आईसोबत बाळ असे क्लास निघालेत, सुट्टीत गोराईला वॉटर पार्कची सहल असते. आपल्याच दोन विंगमध्ये मिळून तीन वर्षांखालची अकरा मुलं आहेत, त्यातली सात पाण्यात जाऊन आलीत. मला हे आवडतं. बाळाला पाण्याची भीती लवकर जावी, यात वाईट काही नाही. फक्त आपलं बाळ ज्या पाण्यात उतरतं ते आपल्या घरच्या टबातलं नसतं, एवढं ध्यानात असू द्या.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. तलावाचं नाव घेत नाही, कारण दोष कुणाचा हे सिद्ध करता येत नाही. एकाच बॅचची तीन बाळं आठवड्याभरात जुलाबाने आजारी पडली. त्यातलं एक आपल्या सोसायटीतलं. मला रात्री दहाला बोलावलं. पोराची टाळू आत गेलेली, डोळे खोल, दुपारपासून शू नाही. ओआरएस चमच्याचमच्याने सुरू केलं आणि तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन लागलं. बाळ आता ठणठणीत आहे, जिन्यात मला बघून पळतं. नंतर बोलता बोलता कळलं की त्याच बॅचमधल्या एका बाळाला आदल्या दिवशी चार-पाच पातळ शी झाल्या होत्या. ती आई आपल्याकडची नाही. बाईने अगदी सरळपणे सांगितलं, “स्विम डायपर घातलं होतं ना, म्हणून आणलं.”

त्या बाईंना मी बोल लावणार नाही. पाकिटावरचं हसरं बाळ पाहून कुणालाही तसंच वाटेल. म्हणून आज पहिल्यांदा हे डायपर काय करतं आणि काय करत नाही, ते सांगते.

आपलं रोजचं डायपर शू धरून ठेवतं, कारण त्याच्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पावडर असते. पाणी लागलं की तिची जेली होते. बाळाची शू किती, वाटीभर. पण तेच डायपर तलावात उतरवलं तर ते तलाव प्यायला लागतं! फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतं, बाळाला जड होतं, आणि कडा सुटल्या की आतली जेली पाण्यात. साधं डायपर तलावात चालत नाही ते यासाठी. आपला घरचा सुती लंगोट तर पाण्यात दोन मिनिटांत सैल होतो. आजीच्या जुन्या साडीचा कितीही मऊ असला तरी तिथे त्याचा उपयोग नाही.

स्विम डायपरमध्ये ती पावडर नसते, निदान फुगण्याएवढी तरी नसते. त्यामुळे ते फुगत नाही, आणि त्यामुळेच ते शू धरत नाही. शू सरळ पाण्यात जाते. ते धरतं फक्त घट्ट शी, तीही थोडा वेळ. पातळ शी झाली तर कापडातून, मांडीच्या कडेतून ती बाहेर येतेच. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तर स्पष्ट सांगते की जुलाबातले जंतू स्विम डायपरने फार तर काही मिनिटं उशिरा पाण्यात येतात, थांबत नाहीत.

मग कुणी म्हणेल, सिस्टर, तलावात क्लोरीन असतं की. असतं, आणि चांगलं काम करतं. दहा लाख भाग पाण्यात एक भाग क्लोरीन असेल, तर जुलाब करणारा ई. कोलाय हा जंतू मिनिटभरात मरतो. काविळीचा हिपॅटायटिस ए साधारण सोळा मिनिटं घेतो. जिआर्डिया पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याच्याभोवती असं टणक कवच असतं की त्याच पाण्यात तो दहा दिवसांहून जास्त जगतो. दहा दिवस! तोपर्यंत त्या तलावात किती बॅचेस होऊन जातील, हिशेब करा. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हाच परजीवी नळाच्या पाण्यात शिरला आणि सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. तिथे तर शुद्धीकरण केंद्र होतं. धडधाकट माणसाला याने आठवडा-दोन आठवडे जुलाब होतात आणि तो बरा होतो. तान्ह्या बाळाला, किंवा किमोथेरपी चालू असलेल्या माणसाला तो सोसत नाही. आपल्या इमारतीत अशी घरं आहेत. नातू तलावातून जे घेऊन येतो ते आजोबांपर्यंत पोहोचायला एक संध्याकाळ पुरते.

जाता जाता एक. तलावावर डोळे चुरचुरतात, नाकाला झोंबतं, तेव्हा आपण म्हणतो क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तो वास घाम आणि शू यांच्याशी मिळून बिघडलेल्या क्लोरीनचा असतो. म्हणजे कामाचं क्लोरीन कमीच उरलेलं असतं. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या अशी पाटी असते ती म्हणून. ती पाटी मोठ्यांसाठीही आहे, काकालोकांनो.

आता निवड. दुकानात दोन तऱ्हा मिळतात. एक वापरून टाकायची, हगीजच्या लिटिल स्विमर्ससारखी. दुसरी धुऊन पुन्हा वापरायची, आत मऊ जाळी आणि बाहेर पाणी अडवणारं कापड. महिन्यातून एकदा जाणार असाल तर पहिली घ्या. आठवड्याला दोन वर्ग असतील तर दुसरी परवडते. रंग, मासे, बदकं हे सगळं तुमच्या हौसेवर. मी बघते ती जांघ. शी बाहेर येते ती तिथून. बाळाला डायपर घालून उकिडवं बसवा, पाय वर उचला, आणि मांडीच्या इलॅस्टिकखाली फट दिसते का पाहा. फट दिसली तर ते डायपर परत. कमरेला तुमची दोन बोटं जेमतेम जावीत. दहा मिनिटांनी काढल्यावर मांडीवर लाल वळ उठला असेल तर मात्र घट्ट झालं.

माप वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. लिटिल स्विमर्सचं लहान माप ७ ते १२ किलो आणि मधलं ११ ते १५ किलो असं असतं. म्हणजे साडेअकरा किलोचं बाळ दोन्हीत बसतं. अशा वेळी लहान घ्या. “वाढत्या अंगाचं” म्हणून मोठं घ्यायची आपली सवय फ्रॉक-शर्टाला ठीक आहे, इथे नको.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. डायपर बाजूने उघडणारं हवं. बाजूची शिवण फाडता येते किंवा बटणं-वेल्क्रो असतं, ते. चड्डीसारखं खाली ओढायचं असेल आणि आत शी असेल, तर ती घोट्यापर्यंत माखते. मी हजारो बाळं पुसली आहेत, माझ्यावर विश्वास ठेवा.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिच्याकडे बाळांच्या बऱ्याचशा पोहण्याच्या वर्गांत दुहेरी नॅपीचा नियम असतो. आत एक साधं स्विम डायपर आणि वरून कमर-मांडीला घट्ट बसणारी जाड रबरी कापडाची चड्डी. दोन थरांनी घट्ट शी नक्कीच जास्त अडते. आपल्याकडेही हे करता येईल, टाकायच्या डायपरवर धुवायचं घाला, झालं. पण पातळ शीला दोन थरही पुरे पडत नाहीत.

घालायचं कधी? तलावावर पोहोचल्यावर, उतरायच्या अगदी आधी. घरून घालून निघालात तर जुहू ते अंधेरी रिक्षात तुमची मांडी भिजणार, कारण मघाशी सांगितलं तसं ते शू धरत नाही. रिक्षात रोजचं डायपर, तलावावर बदल. पाण्यात अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला बाहेर काढा, मागून बोट घालून बघा, वास घ्या. बदलायचं असेल तर कपडे बदलायच्या खोलीत बदला. तलावाच्या काठावर नको, तिथलं पाणी वाहून आतच जातं. नंतर बाळाचा पार्श्वभाग साबणाने धुवा आणि आपले हातही. बाळं एवढीशी गार पडतात, ओठ निळसर दिसले की त्या दिवशीचं पोहणं संपलं. आणि डायपर घातलं म्हणजे बाळ तरंगतं असं नाही. तुमचा हात बाळाला लागेल एवढ्याच अंतरावर राहा.

जुलाब असतील तर मात्र तलाव बंद. कुठलंही डायपर, कितीही थर, नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनी क्रिप्टोचं निदान केलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरवू नका, कारण शीतून तो परजीवी पडतच असतो. मला माहीत आहे, फी भरलेली असते, चारच वर्ग असतात, ऑफिसातून सुट्टी काढलेली असते. पण बॅच चुकते ती आपल्या एका बाळाची. क्लास चालवणाऱ्यांनाही आपण सगळ्यांनी मिळून विचारायला हवं की आजारी बाळाचा वर्ग पुढे ढकलून देता का. एकट्याने विचारलं तर नाही म्हणतात, सात आया एकत्र गेल्या तर ऐकतात.

आणि पाण्यात झालंच काही, तर लाजून गुपचूप बाळ उचलून निघून जाऊ नका. लाइफगार्डला सांगा. घट्ट शी असेल तर ती जाळीने काढून, क्लोरीन दुप्पट धरून, अर्ध्या तासात तलाव पुन्हा सुरू करता येतो. पातळ असेल तर सीडीसीच्या हिशेबाने क्लोरीन वीसपट वाढवून जवळजवळ तेरा तास ठेवावं लागतं. कुणी सांगितलंच नाही तर ते कुणी करणारही नाही, आणि पुढची बॅच त्यात उतरेल.

समुद्राचं विचारलंत म्हणून सांगते. चौपाटीवर बाळाला वाळूत खेळवा, पण पाण्यात बुडवू नका. आपल्या इकडचे नाले तिथेच मिळतात, तिथे क्लोरीन नाही की गाळणी नाही, आणि पावसाळ्यात ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात त्या वेगळ्याच.

वापरलेलं डायपर आधी संडासात झटका. मग टाकायचं असेल तर जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर खूण करून द्या, ओल्या कचऱ्यात नको. आपल्या सफाईवाल्या ताई हाताने कचरा वेगळा करतात. धुवायचं असेल तर आधी गार पाणी, मग गरम पाण्यात साबणाने, आणि उन्हात वाळवायचं. कपडे मऊ करणारं औषध घालू नका, बाहेरच्या कापडाची पाणी अडवायची ताकद जाते.

आपल्या बी विंगमधल्या एका आईने चिठ्ठी पाठवली आहे, मुलगी अडीच वर्षांची आहे, दिवसा शी-शू सांगते, तरी स्विम डायपर लागेल का? लागेल. घरी सांगणारी मुलं पाण्यात खेळाच्या नादात सांगायचं विसरतात. दोन-तीन महिने बाहेरही चूक होत नाही असं झालं की साधा पोहण्याचा पोशाख घाला, आणि उतरण्याआधी एकदा संडासला बसवा. आणखी कुणी विचारलंय, वर्गाला वयाची अट काय. प्रत्येक तलावाची वेगळी असते, फी भरण्याआधी ऑफिसात विचारा, आणि तिथे बाळांसाठी वेगळा उथळ तलाव आहे का, त्याचं पाणी वेगळ्या गाळणीतून फिरतं का, हेही विचारा.

इथे टेबलावर चार नमुने ठेवलेत, दोन टाकायचे, दोन धुवायचे. बाहुलीही आणली आहे. बाबालोक, आधी तुम्ही या, घालून दाखवा. चहा तोवर येतोच आहे.