अंतराळातील घोडेस्वार



शताब्दीच्या व्याख्यानमालेत काऊबॉय, आणि तेही अंतराळातले, हा विषय काहींना चमत्कारिक वाटला असेल. परंतु वाचनालयात सर्वांत अधिक हाताळली गेलेली पुस्तके कोणती, हे ग्रंथपालांना विचारावे. रंजनप्रधान वाङ्मयाला नाक मुरडणे सोपे. त्याची घडण तपासणे कठीण.

ऑक्टोबर १९५० मध्ये 'गॅलक्सी' या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक होते एच. एल. गोल्ड. मलपृष्ठावर दोन उतारे शेजारी शेजारी छापले होते. एकात बॅट डर्स्टन नावाचा वीर यानातून परग्रहावर उतरतो; दुसऱ्यात तोच वीर घोडा दौडवीत खिंडीतून खाली येतो. वाक्यांची ठेवण तीच. घोड्याचे यान झाले आणि पिस्तुलाचे प्रोटॉन-अस्त्र. असली कथा आमच्याकडे कधीही दिसणार नाही, अशी ग्वाही सोबत होती.

हा टोला रास्त होता, पण पुरता नव्हे. या दोन कथाप्रकारांचे नाते केवळ वेषांतराचे नाही. १८९० च्या जनगणनेनंतर पश्चिमेकडील वसाहतीची सलग सीमारेषा उरली नाही असे जाहीर झाले आणि १८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी त्या सरकत्या सीमेतूनच अमेरिकन स्वभाव घडला असे प्रतिपादन केले. आपल्या 'सीमा' या शब्दात दोन प्रदेशांमधली रेघ आहे. तिच्यापायी काय सोसावे लागते, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. त्यांच्या 'फ्रंटियर'मध्ये पलीकडे कोणी नाहीच, असे गृहीत आहे. मूळ रहिवासी तिथे होते, ही गोष्ट त्या शब्दानेच पुसून टाकली.

पृथ्वीवरचा मुलूख संपल्यावर कल्पना वर वळली. एडगर राइस बरोज हे १८९६-९७ च्या सुमारास ॲरिझोनात घोडदळात होते. १९१२ मध्ये त्यांचा जॉन कार्टर ॲपाचींपासून जीव वाचविण्यासाठी ॲरिझोनातल्याच गुहेत शिरतो आणि थेट मंगळावर पोहोचतो. १९६६ ची 'स्टार ट्रेक' तिचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी 'वॅगन ट्रेन' या वेस्टर्न मालिकेचा दाखला देऊन पुढे मांडली होती. १९८१ चा 'आउटलँड' हा तर गुरूच्या आयो या उपग्रहावर नेलेला 'हाय नून'च. गोल्ड यांच्या मलपृष्ठावर तो शोभला असता.

जॉस व्हीडन यांची २००२ ची 'फायरफ्लाय' मात्र थांबून पाहण्याजोगी आहे. तिचा नायक यादवी युद्धात हरलेल्या पक्षाचा सैनिक. अमेरिकेत पराभूत दक्षिणेचे गौरवीकरण पुष्कळ झाले; इथे तोच गौरव आहे, गुलामगिरी तेवढी वगळली आहे. ही चलाखी मला खटकते. पात्रे चिनी शब्द पेरून बोलतात, पण महत्त्वाचे चिनी पात्र एकही नाही, हेही खटकते. मालिकेतले रीव्हर म्हणजे सीमेपलीकडून येणारे नरभक्षक क्रूरकर्मे, जुन्या चित्रपटांतल्या 'रानटी' टोळ्यांचेच वंशज. परंतु २००५ च्या 'सेरेनिटी' चित्रपटात उलगडते, की माणसांना शांत, आज्ञाधारक करण्यासाठी सत्तेने एका ग्रहाच्या हवेत औषध सोडले आणि त्यातूनच हे रीव्हर निपजले. रानटीपणा सुधारणेनेच निर्माण केला होता! इथे जुना साचा आतून फुटतो. बॅट डर्स्टनला हे साधले नसते.

संगीताबद्दल थोडेसे. अवकाशात ध्वनी नसतो, हे सत्य 'फायरफ्लाय'ने पाळले. यान निःशब्द जाते आणि ऐकू येते ती गिटार. जपानच्या 'काऊबॉय बीबॉप'मध्ये (१९९८) योको कान्नो यांनी जॅझ आणि ब्लूज योजले. नायक बक्षिसासाठी गुन्हेगार धरणारा, कायम कफल्लक.

'फायरफ्लाय'चे चौदा भाग तयार झाले. अकरा दाखवून वाहिनीने मालिका बंद केली. चाहत्यांनी वर्गणी काढून 'व्हरायटी' या व्यवसायपत्रात जाहिरात दिली, चित्रफितींच्या तबकड्या विकत घेतल्या, आणि चित्रपट निघाला. कथेतल्या पराभूत सैन्याच्या नावावरून ते स्वतःला 'ब्राऊनकोट' म्हणवतात. विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांत रात्री कोंडाळे करून गाणी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांना 'फिल्क' म्हणतात. 'फोक' या शब्दाच्या मुद्रणदोषातून हे नाव १९५० च्या दशकात रूढ झाले. पुष्कळदा चाल जुन्या लोकगीताची, शब्द नवे. आपल्याकडच्या जुन्या नाट्यपदांवर 'अमुक चालीवर' असे छापलेले असे, तसेच हे. तिथे गाणारा आणि ऐकणारा यांत फारसा भेद नसतो. पुढचे कडवे शेजारचाही उचलतो.